दोनातून चार जातात



आजच्या नोंदीत फवारणी नाही अन् बाजारभावही नाही. आज आकड्यांबद्दल लिहितो. पण शेवटी गोष्ट तुरीवरच येणार आहे, म्हणून मधातच सोडून जाऊ नका.

आपल्या पिढीला गुरुजींनी दुसरीत एक वाक्य पाठ करून दिलं होतं. दोनातून चार जात नाहीत, शेजारच्या घरातून एक उसना घ्या. दहावी पास होईस्तोवर मी हे वाक्य खरं मानून चाललो, अन् बाजारात, सोसायटीत, मापाच्या काट्यावर ते खरं ठरतही गेलं. मात्र पौष महिन्यात घाटावरच्या खोलगट वावरात पहाटे पाच वाजता दोनातून चार जातात. उरतात उणे दोन. अन् त्या उणे दोनावर तुरीच्या शेंगेत दाणा भरणार की नाही हे ठरतं.

आधी एका माउलीची गोष्ट सांगतो, कारण हा विषय माझ्या डोक्यात तिथूनच घुसला. आमच्या गावातला एक पोरगा फौजेत आहे, सध्या लडाखकडं. त्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या ओसरीवरच बसलो होतो. आईनं पहिला प्रश्न विचारला, "थंडी किती आहे बापा तिकडं?" तो म्हणाला, "उणे वीस." माउलीच्या तोंडावर एकदम हुशारी आली. मले म्हणते, "भाऊजी, तिकडं तर वीस आहे म्हणे. आपल्याकडं नऊ झालं होतं ना आज? म्हणजे आपल्याहून बरंच आहे लेकराले."

'उणे' हा शब्द तिच्या कानावरून गेला, पण आत शिरला नाही. तिनं फक्त वीस ऐकलं. अन् वीस नऊहून मोठे, यात तिचं काय चुकलं?

सांगावं की नाही, असा प्रश्न मले पडला. २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचीनवर ड्युटीवर असताना गेला. तवापासून सियाचीन, लडाख हे शब्द कानी पडले की घाटावरच्या कितीतरी आया हातातलं काम थांबवतात. पण पोरानं सुट्टीवर आल्यावर सांगितलं असतं तर तिला जास्त लागलं असतं. म्हणून मी विहिरीचा आधार घेतला. म्हटलं वहिनी, विहिरीचा काठ म्हणजे शून्य धरा. काठावर माणूस उभा केला, त्याच्या डोक्यावर दुसरा, असे नऊ चढवले तर तिथं आपण. अन् काठापासून खाली वीस परस उतरलं की तिथं तुमचं लेकरू. ती थोडा वेळ गप्प बसली. मग बोटं मोडत म्हणाली, "म्हणजे आपल्यात अन् त्याच्यात एकोणतीस परस."

मंडळी, नवातून उणे वीस वजा केले तर किती, हा प्रश्न शाळेत विचारला तर निम्मा वर्ग अकरा सांगतो. ती माउली चौथी शिकलेली आहे. तिनं एकोणतीस सांगितलं, कारण काठ ओलांडून खाली जावं लागतं हे तिला डोळ्यासमोर दिसलं.

आता या शून्याचं नीट पाहू. पोत्यात शून्य किलो सोयाबीन म्हणजे पोतं रिकामं. रिकाम्या पोत्यातून आणखी दोन किलो काढता येत नाहीत, म्हणून मापाच्या काट्यावर गुरुजींचं वाक्य बरोबर आहे. पण तापमानाचं शून्य म्हणजे रिकामं पोतं नव्हे. ते नागपूरच्या झिरो माइलच्या दगडासारखं आहे. त्या दगडापाशी रस्ता संपत नाही. इकडं अमरावती, तिकडं भंडारा, दोन्हीकडं मैल आहेतच. माणसानं एक जागा ठरवली, दगड रोवला अन् मोजायला लागला. सेल्सिअसचं शून्य म्हणजे साध्या पाण्याचा बर्फ होतो ती जागा. उष्णता तिथं संपत नाही. उणे वीसच्या बर्फातही उष्णता असते, अन् उणे तीसचा बर्फ त्याहून दहा अंशांनी गार असतो.

हे शून्य माणसानं ठरवलेलं आहे याचा पुरावा खुद्द सेल्सिअसच देतो. अँडर्स सेल्सिअस हा स्वीडनचा माणूस. १७४२ साली त्यानं जी मोजपट्टी मांडली ती आजच्या उलटी होती. पाणी उकळतं तिथं शून्य अन् गोठतं तिथं शंभर. त्याच्या माघारी ती उलटवली गेली. उलटवली नसती तर लडाखची थंडी १२० झाली असती, आपली पहाट ९१ अन् मे महिन्याची दुपार ५७. हिवाळ्याला उणे लिहायची पाळीच आली नसती. थंडी तीच राहिली असती, लिहिण्याची खूण तेवढी गेली असती. अन् त्या माउलीनं १२० ऐकून आपोआप कपाळाला हात लावला असता. मले वाटते स्वीडनवाल्याची जुनी पट्टी आयांसाठी बरी होती.

आपली भाषाही इथं गोंधळ घालते. आपण म्हणतो थंडी वाढली. पेपरवाला लिहितो पारा घसरला. दोघं एकच सांगतात, पण एक वर जातो अन् दुसरा खाली. आकडा उष्णतेचा असतो, थंडीचा नसतो. (पाऱ्याचंही एक सांगून ठेवतो. उणे ३९ च्या आसपास पारा स्वतःच गोठतो. सियाचीनसारख्या ठिकाणी तो तापमापक काही कामाचा नाही, म्हणून तिथं अल्कोहोलचा वापरतात.)

अन् एक वाक्य दरवर्षी मोबाईलवर फिरते. काल १० होतं, आज ५ झालं, थंडी दुप्पट! तेच दोन आकडे फॅरनहाइटमध्ये मांडून पाहा, ५० अन् ४१ येतात. आता दुप्पट कुठं गेली? शून्य माणसानं ठरवलेलं असलं की वजाबाकी चालते, दुप्पट-निमपट चालत नाही. खरंखुरं रिकामं पोतं पाहायचं तर उणे २७३.१५ वर जावं लागतं. त्याच्या खाली काहीच नाही.

तुम्ही म्हणाल, आबा, आपल्या बुलढाण्यात उणे कुठून आणता? आहे ना. जुन्या लग्नांत आइस्क्रीमचा पॉट फिरवायचे ते आठवा. भर मे महिना, मांडवात घामाच्या धारा, अन् लाकडी बादलीत बर्फावर खडे मीठ टाकून पोरं आळीपाळीनं दांडा फिरवायची. नुसत्या बर्फात दूध घट्ट होत नाही, कारण साखर घातलेलं दूध शून्याच्या खाली गोठतं अन् नुसता वितळता बर्फ शून्यावर अडून बसतो. मीठ पडलं की तोच बर्फ उणे दहाच्या आसपास सहज उतरतो. तापाचं थर्मामीटर ज्याच्या नावावर आहे त्या फॅरनहाइटनंही आपलं शून्य अशाच बर्फ-क्षाराच्या मिश्रणावर धरलं होतं. ते आपल्या सेल्सिअसनं उणे १८ च्या जवळ येतं.

अन् त्याहून मोठं उणे रोज आपल्या गावातून मोटरसायकलवर फिरतं. गाय माजावर आली की आपण ज्याला फोन करतो त्याच्या गाडीला बांधलेलं नायट्रोजनचं भांडं. आतला द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशावर असतो. बाहेर ४२ चं ऊन अन् दोन बोटं आत उणे १९६. मधात २३८ अंश. ही वजाबाकी मी पोरांना मुद्दाम करायला लावतो. जास्त करून १५४ येते, मग त्याहिले भांड्यातून निघणारी वाफ दाखवावी लागते.

हा नुसता गणिताचा खेळ नाही. कांडी नायट्रोजनमधून काढून ३७ अंशाच्या पाण्यात साधारण ३० सेकंद धरतात अन् मग भरतात. पण भांडं उघडून शोधाशोध करताना कांड्या तोंडापर्यंत वर काढून धरल्या, किंवा नायट्रोजन वेळेवर भरला नाही, तर आतली कांडी उणे १९६ वरून उणे १०० वर येऊ शकते. आपल्या मनाला वाटतं, उणे १०० म्हणजे थंडच की! पण ती ९६ अंशांनी तापलेली असते. एवढ्यात बारीक बर्फाचे खडे मोठे होतात अन् बीज मरायला लागतं. पुन्हा नायट्रोजनात बुडवली तरी मेलेलं जितं होत नाही, अन् बाहेरून कांडी जशीच्या तशी दिसते. गाय उलटली की २१ दिवस गेले. आमच्या शेजाऱ्याची गाय लागोपाठ तीनदा उलटली, ६३ दिवस चारा खाऊन खाली. उलटायची कारणं दहा असतात, माजाची वेळ चुकणं हे त्यातलं मोठं. दरवेळी कांडीवर खापर फोडू नका. पण भांड्यात नायट्रोजन किती आहे हे लाकडी काडी घालून पाहता येतं, अन् ते विचारायला लाजू नका.

लाळ-खुरकूतच्या लसीचं नेमकं उलटं आहे. तिला २ ते ८ अंश लागतात. जास्त थंड तेवढी चांगली, असं समजून कुणी ती बर्फाला चिकटवून ठेवली अन् गोठली, तर ती वाया. एका वस्तूला उणे १०० सुद्धा गरम, दुसरीला शून्यही जास्त गार.

आता 'ऋण' या शब्दाकडं येतो. शाळेत उणेला ऋण संख्या म्हणतात, अन् कास्तकाराला हा शब्द वेगळा शिकवायची गरज नाही. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त या संख्यांचे नियम दिले तेव्हा त्यानंही धन अन् ऋण हेच शब्द वापरले, मालमत्ता अन् कर्ज. शून्यातून ऋण वजा केलं की धन होतं, हा नियम त्यात आहे. पुढं ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ही विद्या वाढवली. त्यांच्या नातवानं त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, म्हणजे आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात. युरोपातले मोठे मोठे गणिती तर त्यानंतरही कितीतरी शतकं उणे संख्येला खोटी संख्या म्हणत बसले होते.

पण कर्जाचं उदाहरण एका जागी दगा देतं. माझ्या पुतण्याची लेक सहावीत आहे. पूर्णांक संख्यांचा धडा काढून बसली अन् मले विचारलं, "आबाजी, उणे पाच मोठं का उणे दोन?" मी म्हटलं तूच सांग. म्हणे, "उणे पाच. पाच हजाराचं कर्ज दोन हजाराहून मोठं असते. बाबा मोठ्या कर्जालेच भितात." आता या उत्तराला काय म्हणावं? तिच्या घरात जे बोललं जातं तेच तिनं मांडलं. पुस्तक उणे दोनला मोठं म्हणतं. कर्जानं सांगायला गेलं तर 'कर्ज मोठं पण ऐपत लहान' असं दोनदा वळण घ्यावं लागतं, अन् लेकरू तिथंच हरवते. मी तिला बाहेर नेलं, मोटारीच्या खोलीला टांगलेला तापमापक दाखवला अन् विचारलं, उणे पाचवर उभी राहशील का उणे दोनवर? "उणे दोनवर, तिथं जरा गरम." झालं. जे वर ते मोठं. ऋण हा शब्द आपल्या पूर्वजांनी दिला, पण कोणतं मोठं अन् कोणतं लहान हे तापमापकावर लवकर कळतं.

आता वावरात चला.

माझ्याकडं दोन तापमापक आहेत, किमान तापमानाची खूण राहते तसले. एक मोटारीच्या खोलीपाशी सावलीत, चार फुटांवर. दुसरा नाल्याकडच्या खोलगट भागात तुरीत, जमिनीपासून वीतभर. हवामान केंद्राचा तापमापकही साधारण चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो, अन् मोबाईलवर दिसतो तो आकडा त्याच उंचीच्या हवेचा धरायचा, तोही आपल्या वावराचा नव्हे. तूर मात्र पेटीत उभी नसते. आभाळ निरभ्र, वारा बंद, अशी रात्र असली की जमीन अन् पानं आपली उष्णता सरळ आभाळाकडं सोडत राहतात अन् पान भोवतालच्या हवेहून गार पडतं. गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराकडं वाहते अन् नाल्याकाठच्या खोलगटीत साचते. म्हणून एकाच धुऱ्याच्या वरची तूर हिरवी अन् खालची काळी.

२०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला १.८ अन् नागपूरला ३.५ अंश नोंदले गेले होते. दोन्ही आकडे शून्याच्या वरचे. तरी निफाडकडं दव गोठलं होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचा बर्फ होतो, तेव्हाही वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. दोन्ही खरे आहेत. एक पेटीतला अन् एक जमिनीलगतचा. आपल्या जिल्ह्यात हवेचं तापमान उणे गेल्याचं कुणी म्हणत नाही, पण पानाचं जातं. पानातलं पाणी गोठलं की फुगतं, पेशी फाटतात, अन् ऊन चढलं की पान उकडल्यासारखं होऊन काळं पडतं. आमच्याकडं याला दवाळ म्हणतात.

त्या रात्री मोबाईल पहाटेसाठी ६ दाखवत होता. मी वही घेऊन बसलो. खोलीपाशी रात्री १० वाजता ९, एक वाजता ६. तासाला एक अंश उतार. वारा पडलेला, आभाळात एक ढग नाही. हाच उतार राहिला तर पाच वाजता २. अन् मागच्या आठवडाभरात खालचा तापमापक वरच्यापेक्षा चार अंशांनी खाली राहत आला होता. दोनातून चार गेले, उणे दोन.

हीच वही दुसऱ्या दिवशी नातीच्या कामी आली. तिचा पुढचा प्रश्न तयार होता, उणेला उणेनं गुणलं की अधिक काहून होते? गुरुजींनी नियम दिला होता, कारण दिलं नव्हतं. मी वहीतला एक वाजताचा आकडा दाखवला. तासाला एक अंश उतरतंय, म्हणजे उणे एक. तीन तास मागं जायचं, म्हणजे उणे तीन. तीन तास आधी तापमान आताच्यापेक्षा कमी होतं का जास्त? "जास्त. तीननं." वर पाहिलं, दहा वाजता ९ लिहिलेले. उणे एक गुणिले उणे तीन, अधिक तीन. ती वही घेऊन शाळेत गेली ती अजून परत आली नाही, म्हणून पुढचे आकडे मी कॅलेंडरच्या मागं लिहितोय.

पाण्याचं असं केलं. लाईट बारापासून होती. एक वाजताचा आकडा लिहून मोटार सुरू केली अन् खालच्या तुरीला हलकं मोकळं पाणी सोडलं. ओली जमीन दिवसाची उष्णता धरून ठेवते अन् रात्री हळूहळू सोडते. शिवाय पाणी गोठायला लागलं तरी एका ग्रॅममागं ८० कॅलरी बाहेर टाकतं, त्यामुळं पान शून्याजवळ टिकून राहायला मदत होते. स्प्रिंकलरवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. सुरू केलं तर ऊन पडून बर्फ वितळेस्तोवर चालू ठेवावं लागतं. मधातच लाईट गेली तर ओलं पान वाळताना आणखी गार होतं अन् न करण्यापेक्षा वाईट होतं. लाईटचा भरवसा नसेल तर मोकळं पाणीच बरं. धुऱ्यावर ओला काडीकचरा पेटवून धूरही केला, पण धुराचा उपयोग वारा बंद असेल तरच, अन् माझ्या मते तो पाण्याच्या निम्माही नाही.

पहाटे पाचला वर २, अन् खाली तुरीत उणे अर्धा. पाणी न पोचलेल्या कोपऱ्यात हात लावला तर पानावरचं दव कडक झालेलं होतं, नखानं खरवडलं तर भुगा निघाला. तिथला तापमापक नव्हता, म्हणून आकडा देत नाही. चौथ्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या दोन-अडीच ओळींची पानं वरून काळी पडली, कोवळ्या शेंगा पोचट झाल्या. बाकी खालची तूर शाबूत आहे, दाणा भरतोय. पाण्यानंच वाचली असं मी छातीठोक म्हणणार नाही, कारण तो कोपरा सगळ्यात खोलगटही आहे. पुढच्या वेळी तिथं तिसरा तापमापक लावतो, मग बोलू.

घाटाखालच्या मंडळींनी, जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या केळी-संत्रावाल्यांनी, वरच्या अन् खालच्या तापमापकात किती फरक पडतो ते आपापल्याकडं लिहून ठेवावं. माझा चारचा फरक घाटावरच्या काळ्या जमिनीतला आहे, तो तुमच्याकडं जशाचा तसा लावू नका. आज रात्री पुन्हा आभाळ मोकळं आहे, लाईट मात्र दोनपर्यंतच आहे.